प्रेम : पहाटे साडेचार ते सहा

प्रेमकथा लिहिणारी माणसं प्रेम केव्हा करतात, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. चोरांच्या गोष्टी लिहिणाऱ्याने अधूनमधून चोरी करावी, अशी कुणाची अपेक्षा नसते. भुतांच्या गोष्टी लिहिणारा स्वतः भूत असलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरीत नाही. परंतु प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य मात्र दिवसाचे चोवीस तास कुठल्यातरी झाडाला टेकून उभा असला पाहिजे, त्याच्या कपाळावर केसांची एक बट असली पाहिजे आणि समोर तळं, तळं नसल्यास निदान सोसायटीची पाण्याची टाकी तरी असली पाहिजे, असं आपण धरूनच चालतो. हा मनुष्य सकाळी उठून दुधाची पिशवी आणतो, गॅसचा नंबर लावतो आणि विजेच्या बिलावर वाद घालतो, हे आपल्याला पटत नाही.

मी बँकेत कारकून आहे. आमच्याविषयीही लोकांचा असाच एक समज असतो. रोज लाखांनी रुपये हातांखालून जातात म्हणजे त्यातले चार हाताला चिकटत असतीलच! वास्तविक हाताला चिकटते ती स्पंजच्या डबीतली ओल. ती घेऊन आम्ही संध्याकाळी लोकलला लोंबकळतो. प्रेमकथावाल्यांचंही तसंच असावं, असा माझा बरेच दिवस तर्क होता. दुसऱ्याचं प्रेम मोजायचं, त्याची नीट गड्डी बांधायची, वर कागदाची पट्टी लावायची आणि काउंटरवरून पुढे सरकवायची. आपल्या खात्यात जमा काय? महिन्याचा पगार आणि पाठदुखी.

तर्क म्हटलं की प्रा. ना. सी. फडके आठवतात. मराठीत प्रेमकथेचं दुकान थाटामाटात चालवलं ते त्यांनी. १८९४ साली जन्मले, १९७८ साली गेले. पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' १९१७ साली निघाली. तेव्हा वय तेवीस. त्यानंतर साठ वर्षं हात थांबला नाही. नुसत्या कादंबऱ्याच सत्तरच्या वर. कथा, निबंध, टीका हे पुन्हा वेगळं. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९६२ साली पद्मभूषण. आता हे गृहस्थ पोटासाठी काय करीत होते? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवीत होते! सकाळी वर्गात 'सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटीस हा माणूस आहे' असं सांगायचं आणि घरी येऊन नायिकेच्या पदराचा रंग ठरवायचा. मला वाटतं, यातच त्यांचं सगळं रहस्य आहे. सॉक्रेटीस मरणार हे जसं आधीच्या दोन वाक्यांत ठरून जातं, तसं टेनिसची रॅकेट घेतलेला नायक पहिल्या प्रकरणात दिसला की पुढचं सगळं ठरल्यासारखंच असतं. वाचकाला फक्त वाट पाहायची असते.

आणि फडक्यांनी हे लपवलं नाही. १९३१ साली 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की कथालेखन म्हणजे अंगात येणं नव्हे. त्याला तंत्र आहे, ते अभ्यासाने येतं. गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द त्यांनी मराठी वाचकाच्या तोंडी बसवले. आमचा एक सहकारी म्हणतो, हे तंत्र संसारालाही लागू आहे. लग्नाआधी असते ती गुंतागुंत, लग्नात बसते ती निरगाठ, आणि उकल फक्त कादंबरीतच होते. हा सहकारी अजून अविवाहित आहे, म्हणून त्याला इतकं नेमकं सुचतं.

फडक्यांच्या पत्नी कमला फडके याही कादंबरीकार. एका घरात दोन कादंबरीकार म्हणजे भाजी कोणी आणायची, हीच मोठी निरगाठ. पण त्यांनी तीही सोडवली असणार, कारण दोघांचंही लेखन चालूच राहिलं. फडक्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'माझं जीवन : एक कादंबरी'. मी आत्मचरित्र लिहिलं तर त्याचं नाव 'माझं जीवन : एक पासबुक' असं ठेवावं लागेल. बरीचशी पानं कोरी आणि शेवटी शिल्लक किरकोळ.

गंमत अशी, की फडके कोल्हापुरात 'कलेसाठी कला' म्हणत होते आणि त्याच कोल्हापुरात वि. स. खांडेकर 'जीवनासाठी कला' म्हणत होते. एकाच गावात समोरासमोर दोन पेढ्या! खांडेकरांची दृष्टी फार अधू होती, अखेरीस तर ती पूर्णच गेली. तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचं, असं त्यांचं पुष्कळसं लेखन झालं. १९५९ सालच्या 'ययाति'त देवयानी आणि शर्मिष्ठा आहेत, राजवाडे आहेत, डोळे दिपवणारं वैभव आहे, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना समोरचा कागदही धड दिसत नव्हता. पुढे १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं.

इंग्लंडात तर ही शिस्त आपल्यापेक्षाही कडक. अँथनी ट्रॉलप नावाचे एक गृहस्थ होते. टपाल खात्यात नोकर. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे, आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या हिशेबाने लिहायचे. पहाटे उठवून कॉफी देण्यासाठी नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचे. मग टपालकचेरीत जायचे. सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. त्यांचं आत्मचरित्र ते गेल्यानंतर १८८३ साली निघालं, त्यात हा हिशेब उघड झाला आणि रसिक मंडळी नाराज झाली. घड्याळ लावून लिहिलेलं प्रेम खरं कसं असेल? मला हा आक्षेप कळत नाही. स्वयंपाक घड्याळ लावून केला तर भूक खोटी ठरते काय?

दुसऱ्या बार्बरा कार्टलंड. या बाई दुपारी जेवण झालं की कोचावर आडव्या व्हायच्या, गरम पाण्याची पिशवी जवळ घ्यायच्या, शेजारी कुत्रा, आणि तोंडाने कादंबरी सांगायच्या. सेक्रेटरी लघुलिपीत उतरवून घ्यायची. एका वर्षात तेवीस कादंबऱ्या लिहिल्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. एकूण सातशे तेवीस. जेवणानंतर आडवं होऊन, गरम पिशवी घेऊन इतकं काम होतं, हे मी आमच्या सौभाग्यवतीला वाचून दाखवलं. कारण पहिल्या दोन पायऱ्या मला उत्तम जमतात. तिने फक्त सेक्रेटरीचं विचारलं.

पण प्रेम लिहिणं हे नेहमीच असं पोटातलं पाणी न हलता होत नाही. चंद्रकांत काकोडकरांचं पाहा. लायब्ररीत ज्यांच्या पुस्तकांवर लोकांच्या उड्या पडायच्या, असे हे लेखक. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' कादंबरी आली. ती अश्लील आहे म्हणून कुणीतरी खटला भरला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी ठरवलं. दंड किती? पंचवीस रुपये! न भरल्यास आठवडाभर साधी कैद. आमच्या बँकेत पंचवीस रुपयांचा फरक लागला तर आम्ही रात्री आठपर्यंत बसून शोधतो. काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये तिथे निर्दोष सुटले. स्त्री-पुरुषसंबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणजे पुस्तक अश्लील होत नाही, तसं धरलं तर धर्मग्रंथांखेरीज काही विकायलाच उरणार नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी म्हटलं. पंचवीस रुपयांसाठी जवळजवळ सात वर्षं! पण ते पंचवीस रुपये नव्हते. कागदावर मांडलेलं प्रेम हा गुन्हा आहे काय, हा तो प्रश्न होता. आणि त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि राजेश खन्नासाठी सबंध देश तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. एका हाताला वकिलाचं बिल, दुसऱ्या हाताला सिनेमाची जाहिरात. लेखकाचं सृजनशील जीवन म्हणतात ते बहुधा हेच.

या मंडळींची पुस्तकं आमच्या घरी आईमुळे येत. चौकातली लायब्ररी, महिन्याची वर्गणी, पुस्तकांना खाकी कव्हर. आतल्या पानांना हळदीचे, तेलाचे, चहाचे डाग. कोणत्या प्रकरणाला बायकांनी काय फोडणीला टाकलं होतं, ते त्यावरून कळे. भांडी आटोपली की दोन ते साडेतीन आई भिंतीला टेकून वाचत बसे. त्या दीड तासात तिला हाक मारायची नाही, हा घरातला अलिखित कायदा. पुष्कळदा शेवटचं पान फाटलेलं असायचं. आधीच्या वाचकांपैकी कुणाला तरी ते जपून ठेवावंसं वाटलं असावं. मग संध्याकाळी पोळ्या लाटताना शेवट आईच ठरवी. अशा निदान चाळीस नायक-नायिकांची लग्नं तिने पोळपाटावर लावली. एकही मोडलं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की आमच्या ठाण्याच्या ब्रँचमध्ये खरोखरची प्रेमकादंबरीकार आहे, किंवा होती, हे मला नोकरीला लागून चार वर्षं होईपर्यंत ठाऊक नव्हतं. कॅशमधल्या बाई. टोपणनावाने लिहायच्या, म्हणून आपणही त्यांना नुसतं बाईच म्हणू. कॅशमध्ये मान खाली घालून नोटा मोजणारी, डब्यात कायम गवारीची भाजी आणणारी ही मध्यमवयीन स्त्री दर दिवाळीला एक नायक आणि एक नायिका हातावेगळी करते, हे कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, की बाई, लिहिता केव्हा?

"पहाटे साडेचार ते सहा," त्या म्हणाल्या. "सहाला नळ येतो."

त्यांची पद्धत मी हळूहळू काढून घेतली. दोनशे पानी वही, निळं बॉलपेन, जागा स्वयंपाकघरातलं टेबल. रोज चार पानं. वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखलेले असत. तारीख, आजची पानं, एकूण पानं. आजारपण झालं तर 'थकबाकी' असा वेगळा रकाना. नायकांची नावं लग्नपत्रिकांतून. कारण बँकेच्या खातेदारांची वापरली तर उद्या कोणी व्याज मागायला येईल. गैरसमज शक्यतो पत्र उशिरा मिळाल्यामुळे व्हायचे. मोबाइल आले आणि बाईंच्या धंद्यावर फार मोठं संकट कोसळलं. आता नायिकेचा गैरसमज व्हायचा म्हणजे आधी तिच्या फोनची बॅटरी उतरवावी लागते.

त्यांच्या नायकाची एक सवय मात्र कधी बदलली नाही. तो श्रीमंत असो, गरीब असो, डॉक्टर असो वा चित्रकार, नायिका दिसली की तो प्रथम विचारतो, "तू जेवलीस का?" या एका वाक्यावर त्यांना वाचकांची पत्रं येत. सगळी बायकांची. मी एकदा म्हटलं, "बाई, हे वाक्य तुम्हाला कुठे सापडलं?" त्या म्हणाल्या, "सापडलं नाही, म्हणून तर लिहावं लागलं." आणि पुढच्या टोकनचा नंबर पुकारला.

त्यांचे यजमान गृहस्थ सज्जन. पण बायकोची एकही कादंबरी त्यांनी वाचलेली नाही. 'सवड मिळाली की वाचीन' म्हणतात. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली आहेत.

मागल्या पावसाळ्यात ब्रँचची सहल निघाली. दुसरा शनिवार गाठून, मिनीबस करून, जव्हारजवळच्या दाभोशाच्या धबधब्याला. जव्हार म्हणजे मुकण्यांचं जुनं संस्थान. जयविलास राजवाडा अजून उभा आहे. ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर असं लोक जव्हारला म्हणत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ठाण्याचं महाबळेश्वर गेलं आणि ठाण्याला फक्त ट्रॅफिक उरलं. मला लगेच फडके आठवले. त्यांच्या नायक-नायिकांना खऱ्या महाबळेश्वराला जायला परवडत असे. कारकुनांच्या प्रेमकथेला हेच महाबळेश्वर. वर्गणीत नाश्त्यासह बसतं.

बसमध्ये सगळ्यांचं एकमत झालं, की आज बाईंना स्फूर्ती मिळणार. मॅनेजरसाहेबांनी त्यांना खिडकी दिली. वाडा ओलांडल्यावर भातखाचरं दिसू लागली, ढग रस्त्यावर उतरले, तेव्हा प्रत्येक वळणाला कोणीतरी म्हणे, "बाई, हे घ्या. हे टाका प्रकरणात." बाई चकल्या वाटत होत्या.

दाभोसा आला. लेंढी नदी सरळ तीनशे फूट खाली उडी मारते. ऑगस्टातला पूर, पाण्याचा आवाज असा की शेजारचा माणूस नुसते ओठ हलवतो आहे असं वाटावं. वर तुषारांचा धूर. खाली जायची वाट निसरडी, म्हणून आम्ही वरूनच पाहत होतो. आमचा अविवाहित सहकारी तर इतका हेलावला, की त्याने तिथल्या तिथे तीन सेल्फी काढल्या. आणि बाई? धबधब्याकडे पाठ करून, काकडी विकायला बसलेल्या एका बाईशेजारी दगडावर बसल्या होत्या. काकडी खात तिला विचारीत होत्या, की टोपली कितीला पडली, घर किती लांब, चालत किती वेळ लागतो. साहेब कळवळून म्हणाले, "अहो, तो बघा की धबधबा!" बाई म्हणाल्या, "बघितला. तो काही बोलत नाही हो."

आपण शहरातली माणसं वर्तमानपत्रातून जव्हार-मोखाड्याचं नाव दोनदाच वाचतो. पाऊस पडला की धबधबा म्हणून, आणि पाऊस संपला की कुपोषण म्हणून. १९९२ साली वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हापासून हे चालू आहे. या दोहोंच्या मध्ये इथली माणसं एकमेकांवर जीव लावतात, ही काही बातमी होत नाही. त्यामुळे बाईंनी जेव्हा त्या काकडीवालीला विचारलं, "तुमचं लग्न कसं जमलं?" तेव्हा मी कान टवकारले.

ती हसली. म्हणाली, "लगीन कुठं झालंय अजून?"

शेजारी तिची मुलगी बसली होती. आश्रमशाळेत सातवीत, सुटीला घरी आलेली. तिकडे हे नवलाचं नाही. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घरच्यांनी मान्य केलं, की संसार सुरू होतो. लग्न म्हणजे मांडव, जेवण, खर्च. तो पैसा जमेल तेव्हा लग्न. कधी दहा वर्षांनी, कधी मुलांच्या लग्नाच्या मांडवात. हल्ली संस्था सामुदायिक विवाह लावतात, त्यात पुष्कळांचं उरकतं. हिने येत्या उन्हाळ्यासाठी नाव दिलं होतं. चौदा वर्षांच्या संसारानंतर नवरी होणार होती, आणि करवली घरचीच होती.

मग तिने आणखी सांगितलं. दिवाळी झाली की दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. शेठकडून आधी उचल घ्यायची आणि पावसापर्यंत विटा पाडून ती फेडायची. कामाला जोडी धरतात, एकट्याला नाही. ही मुलगी पोटात होती, आठवा महिना होता, तेव्हा तो रात्री दोनला उठायचा. हिच्या वाटच्या विटा पाडून टाकायचा आणि हिला उजाडेपर्यंत निजू द्यायचा. सगळं सांगताना तिच्या आवाजात काही फरक नव्हता. काकड्या ओल्या फडक्याने पुसणं चालूच होतं.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी हळूच म्हटलं, "हे लिहा."

"वाचकांना खोटं वाटेल," त्या म्हणाल्या. "रात्री दोनला उठणारा नायक! मी आपली साडेचारला उठून त्याच्याकडून 'जेवलीस का' एवढंच म्हणवून घेते."

तेवढ्यात साहेबांनी मोठेपणाने त्या मुलीला सांगितलं, की या बाई गोष्टींची पुस्तकं लिहितात बरं का! मुलगी वाचणारी असावी. तिचे डोळे मोठे झाले. तिने विचारलं, "त्यात शेवटी काय होतं?"

"लग्न," बाई म्हणाल्या.

मुलीने आईकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली. "मग पुढं?"

वीस-बावीस वर्षं काउंटरमागे काढल्यामुळे माणूस गडबडला की मला ओळखता येतं. बाई गडबडल्या. त्यांनी काकडीचे पैसे दिले, सुटे परत घेतले, आणि मोजायला विसरल्या. कॅशमधल्या बाई!

परतीच्या बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. बाई माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. भिवंडीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना पावसाळ्यामुळे बंद पडलेल्या वीटभट्ट्या दिसू लागल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकतीस कादंबऱ्या झाल्या. एकीतही 'मग पुढं' नाही."

त्यांना हे लागण्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांची लायब्ररी बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं. प्रकाशकाने जुन्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती काढायला नकार कळवला होता, तोही आठ महिन्यांनी. मार्चमध्ये बँकेतून निवृत्ती होती. एकदा चहाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "बँकेतून सुटल्याचं पत्र तरी येतं. कादंबरीतून सुटल्याचं कोण देणार? आपलं आपणच समजायचं." तीस वर्षांच्या पहाटा कशात घातल्या, हा हिशेब त्यांनी मांडायला घेतला होता आणि तो लागत नव्हता. कॅशचा हिशेब ज्यांना कधी चुकला नाही, त्यांना असला हिशेब न लागणं फार जड जातं.

मी काही साहित्यिक नव्हे, बी. कॉम. माणूस. पण मी त्यांना एवढं सांगितलं, की माझ्या आईच्या दोन ते साडेतीनचा हिशेबही कुठल्याच वहीत नाही. ती कुणाकुणाच्या पुस्तकांवर रोज दीड तास कुठेतरी जाऊन परत येई, म्हणून संध्याकाळच्या पोळ्या हसतमुखाने लाटू शके. फडक्यांनी काश्मीर दाखवलं असेल, काकोडकरांनी आणखी काही दाखवलं असेल. तुमचा नायक फक्त 'जेवलीस का' विचारतो. पण ज्या बायकांना दिवसभरात कोणी तेवढंही विचारलं नाही, त्यांनी ती पत्रं लिहिली आहेत. त्यांच्या खात्यावर हे जमा आहे. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सहलीला आलात की बोनस मागायला?" आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांना बरं वाटलं असावं.

मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, घड्याळ. आम्हाला वाटलं, आता काय, दिवसच्या दिवस मोकळा, पहाटे उठण्याची गरज नाही, दुपारी कार्टलंडबाईंसारखं कोचावर पडून लिहितील. त्यांनी खरोखरच महिनाभर दुपारी बसून पाहिलं. एक पान झालं नाही. त्यांचे सगळे नायक साडेचारलाच कामावर यायला शिकलेले. दुपारी बोलावलं तर रजेवर! शेवटी पुन्हा गजर साडेचारचा झाला.

परवा पेन्शनच्या कामासाठी ब्रँचमध्ये आल्या होत्या. सर्व्हर डाउन होता, त्यामुळे निवांत गप्पा झाल्या. बत्तिसावी चालू आहे. पहिल्याच पानावर लग्न आहे, नवरीची मुलगी करवली आहे, आणि नवरा रात्री दोनला उठतो. प्रकाशक नाही. मी विचारलं, "शेवट काय करणार?" त्या म्हणाल्या, "लिहीत गेल्याशिवाय कसं कळणार? तंत्रात बसेना झालंय." हे सांगताना तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना काय वाटेल याची त्यांना काही फिकीर दिसली नाही. छापून झाली तर एक प्रत दाभोशाला त्या मुलीला नेऊन द्यायची आहे, तेव्हा मी बरोबर यायचं, असंही ठरलं.

"यजमानांनी वाचली का?" मी जाता जाता विचारलं.

"छे! सवड कुठे आहे त्यांना?" बाई म्हणाल्या. मग पर्सची चेन लावताना पुढे म्हणाल्या, "पण साडेचारचा गजर हल्ली तेच लावतात. आणि मी स्वयंपाकघरात जाईपर्यंत चहाचं आधण ठेवलेलं असतं."

वहीच्या शेवटच्या पानावर याची नोंद कोणत्या रकान्यात झाली आहे, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला.